रिसर्च वाचला, आता वॉर्डात काय करायचं? आधी काहीतरी बंद करून बघा

दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला (सलाईन-इंजेक्शनसाठी शिरेत बसवलेली छोटी नळी) बदलायची हे आपल्याला नक्की कोणी शिकवलं, आठवतंय का? मला नाही आठवत. सिनियर सिस्टरने सांगितलं, तिला तिच्या सिनियरने सांगितलं असेल, मग कधीतरी ते भिंतीवरच्या कागदावर आलं आणि कागदावर आलं की संपलंच, त्याला कोण विचारणार. तर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या ३ हॉस्पिटलांत ३,२८३ पेशंट घेऊन झालेली एक ट्रायल (पेशंटचे गट करून केलेली तुलना) लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, क्लेअर रिकार्ड म्हणून नर्स संशोधक आहेत त्यांची. अर्ध्यांची कॅन्युला ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी बदलली, अर्ध्यांची फक्त गरज पडली तेव्हाच, म्हणजे दुखतंय, लाल झालंय, सूज आलीय, लाइन चालत नाहीये असं असेल तेव्हा. फ्लेबायटिस, म्हणजे शिरेला येणारी सूज, दोन्हीकडे ७ टक्के. मग इतकी वर्षं आपण पेशंटना उगाच टोचत होतो का? बऱ्याच वेळा हो.

आता यातली मेख बघा. "गरज पडेल तेव्हाच बदला" हे तिथे चाललं कारण रोज कोणीतरी ती जागा नीट बघत होतं. ज्या वॉर्डात कॅन्युलावर जाड पट्टी गुंडाळलेली असते आणि पेशंट ओरडल्याशिवाय ती कोणी सोडत नाही, तिथे नुसतं "आता बदलायची गरज नाही" एवढंच उचललं तर हात टम्म सुजेपर्यंत कळणारच नाही. रिसर्चमधलं अर्धं वाक्य उचलून आणणं हे जुनी सवय चालू ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं होऊ शकतं, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलेय, ती पुढे सांगते.

पण तरीही माझं म्हणणं असं की एव्हिडन्स, म्हणजे रिसर्चमधला पुरावा, वापरायला सुरुवात करायची तर नवीन काहीतरी चालू करण्यापेक्षा एक बिनकामाची गोष्ट बंद करण्यापासून करावी. नवीन गोष्टीला सामान लागतं, ट्रेनिंग लागतं, कोणाची तरी सही लागते आणि आधीच दमलेल्या स्टाफच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर येतं. बंद केलं की उलट वेळ हातात येतो आणि लोक तुमच्याकडे जरा प्रेमाने बघतात. शोधायला फार लांब जावं लागत नाही. डिलिव्हरीआधी सरसकट शेव्हिंग आणि एनिमा, दोन्ही डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या शिफारशींत नको म्हटलेलं आहे. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकल्यावर सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोने आवाज ऐकायचा, हा प्रकार भरवशाचा नाही, कारण ट्यूब चुकीच्या जागी असली तरी आवाज येऊ शकतो, त्याऐवजी ओढून काढलेल्या द्रावाचा पीएच बघायचा (५.५ किंवा कमी) नाहीतर एक्स-रे. श्वासनळीतल्या ट्यूबमधला कफ ओढून काढायच्या (सक्शनच्या) आधी दरवेळी त्यात सलाईन सोडणं, तेही सरसकट करायचं नाही. यातलं एखादं तरी तुमच्या वॉर्डात अजून चालू असेल.

प्रश्न ड्युटीवरच सापडतो

लायब्ररीत बसून "मी आता एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस करणार" असं ठरवलं की काहीच होत नाही. प्रश्न तिथेच सापडतो जिथे तुमची चिडचिड होते. "हे आपण का करतो?" असं मनात आलं की ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर एक ओळ लिहून ठेवायची, बास. महिन्याभरात ८-१० ओळी होतात, त्यातली एक निवडायची, आणि निवडताना बघायचं की हे बरेचदा घडतं का, चुकलं तर नुकसान मोठं आहे का, आणि बदलणं आपल्या हातात आहे का.

मग तो प्रश्न बारीक करायचा. "पीपीएचमध्ये (म्हणजे डिलिव्हरीनंतर जास्त रक्तस्राव झाला तर) काय करावं" हा प्रश्न नाही, तो अख्खा चॅप्टर आहे. पिको हा शब्द कॉलेजात ऐकला असेल, त्याचा अर्थ इतकाच की पेशंट कोण, काय करणार, कशाच्या ऐवजी, आणि शेवटी मोजणार काय. म्हणजे असं: नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बायकांमध्ये, रक्त डोळ्यांनी अंदाजे ठरवण्याऐवजी आकडे छापलेल्या ड्रेपमध्ये (बाईच्या खाली लावायच्या प्लास्टिकच्या पिशवीत) मोजलं, तर जास्त रक्तस्राव लवकर पकडला जातो का? असा प्रश्न केला की शोधायचे शब्द आपोआप हातात येतात. आणि शेवटचा भाग, मोजणार काय, तो कधीच सोडू नका, कारण तोच पुढे तुमच्या वॉर्डातही मोजायचा आहे.

शोधायचं कुठे

उलट्या बाजूने जायचं. आधी तयार गाइडलाइन आहे का ते बघा, डब्ल्यूएचओच्या सगळ्या फुकट आहेत, ब्रिटनच्या नाइसच्याही वेबसाइटवर वाचायला मिळतात. नाही सापडली तर कोक्रेन या संस्थेचे रिव्ह्यू, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या सगळ्या ट्रायल्स गोळा करून केलेला हिशोब, आणि प्रत्येक रिव्ह्यूला सोप्या भाषेतला सारांश असतो तो तरी वाचाच. एकेकटी ट्रायल सगळ्यात शेवटी. बरेच जण बरोब्बर उलटं करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक पेपर घेऊन पळत सुटतात.

सगळ्या ट्रायल्स एकत्र का बघायच्या याचं उदाहरण कोक्रेनच्या लोगोतच आहे. त्या गोलाच्या आत आडव्या रेघा दिसतात ना, त्या डिझाइन म्हणून काढलेल्या नाहीत, मुदतीआधी डिलिव्हरी होणार असलेल्या आईला (बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून) स्टेरॉइड द्यायच्या ट्रायल्सचे ते निकाल आहेत. पहिली ट्रायल न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये छापली, नंतर अजून झाल्या, पण त्या नीट एकत्र मांडायला १९८९ उजाडलं, तोपर्यंत बऱ्याच डॉक्टरांना याचा फायदा किती मोठा आहे हेच कळलं नव्हतं. मधल्या काळात जी बाळं गेली त्यांचा हिशोब कोण देणार? (या स्टेरॉइडची पुढची गोष्ट अजून डोळे उघडणारी आहे, थोडं खाली येतेच त्यावर.)

पबमेड, म्हणजे मेडिकल पेपर शोधायची वेबसाइट, फुकट आहे. तिथे दोन-तीन शब्द टाका, डाव्या बाजूला सिस्टेमॅटिक रिव्ह्यूचा फिल्टर लावा, मागच्या पाच वर्षांचा लावा, आणि फ्री फुल टेक्स्टवर टिक करा. पूर्ण पेपर मिळत नसेल तर लायब्ररीत विचारा. पेपरवर "रिट्रॅक्टेड" असा शिक्का तर नाही ना हेही बघून घ्या, २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरचा एक पेपर लॅन्सेटसारख्या जर्नलला छापल्यावर दोनच आठवड्यांत मागे घ्यावा लागला होता, त्यामुळे मोठं नाव बघून भुलू नये.

आणि हो, चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, मीही विचारते, पण त्याने दिलेल्या पेपरचं टायटल पबमेडवर टाकून तो पेपर जगात आहे तरी का ते बघा. नसलेले पेपर, नसलेले लेखक तो इतक्या ठामपणे सांगतो की आपल्यालाच आपल्यावर शंका येते.

पेपर वाचायचा कसा, तोही नाईट करून आल्यावर

सगळा वाचायचा नाही. चार जागा बघायच्या: पेशंट कोण होते, तुलना कशाशी केली, मोजलं काय, आणि दोन्ही गटांचे कच्चे आकडे किती. लेखकांनी शेवटी काय निष्कर्ष काढलाय ते सगळ्यात शेवटी वाचा, नाहीतर त्यांच्याच चष्म्यातून बघाल.

कच्चे आकडे का, ते रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडवरून सांगते. २०१७ ची वुमन ट्रायल, २१ देश, पीपीएच झालेल्या २०,०६० बायका. रक्तस्रावाने मृत्यू औषध दिलेल्या गटात १.५ टक्के आणि न दिलेल्यात १.९ टक्के. डिलिव्हरीनंतर ३ तासांच्या आत दिलं त्यांच्यात हाच आकडा १.२ विरुद्ध १.७. आता कोणी म्हणेल "मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले", तेही खरंच आहे, पण साध्या भाषेत हजार बायकांमागे १७ च्या जागी १२, म्हणजे २०० जणींना वेळेत दिलं की एक वाचते. दोन्ही वाक्यं खरी आहेत, ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र वेगवेगळं चित्र उभं राहतं. इनचार्जशी किंवा पेशंटच्या घरच्यांशी बोलताना दुसरं वापरा.

याच ट्रायलमध्ये अजून एक गोष्ट लपलेली आहे जी नुसता सारांश वाचला तर दिसत नाही. त्यांनी मुख्य म्हणून जे मोजायचं ठरवलं होतं ते होतं "कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भपिशवी काढावी लागणं" आणि त्यात दोन गटांत काही खास फरक आलाच नाही, ५.३ आणि ५.५ टक्के. का? कारण पिशवी काढायचा निर्णय पुष्कळदा ट्रायलमध्ये घेतलं त्याच सुमारास झालेला होता, त्यावर औषध काय करणार. म्हणजे मोजायचं काय हे निवडताना गडबड झाली की चांगलं औषधही फेल दिसू शकतं, आणि उलटंही होतं.

पण नर्स म्हणून माझ्यासाठी यातली सगळ्यात कामाची ओळ वेगळीच आहे. या ट्रायलचे आणि अपघातातल्या पेशंटच्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये दिसलं की दर १५ मिनिटांच्या उशिराला फायदा साधारण १० टक्क्यांनी कमी होतो आणि ३ तासांनंतर उरतच नाही. म्हणजे प्रश्न "औषध आहे का" हा नाहीच, औषध कुठे ठेवलंय हा आहे. कुलुपाच्या कपाटात असेल आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरकडे असेल तर रिसर्च वाचून उपयोग शून्य, पीपीएचच्या ट्रेमध्ये ऑक्सिटोसिनच्या (गर्भपिशवी आकसायच्या औषधाच्या) शेजारी ते आलं तरच तो पेपर तुमच्या वॉर्डात पोचला म्हणायचा.

पी व्हॅल्यूवर (फरक नुसत्या योगायोगाने आला असेल का याच्या आकड्यावर) फार वेळ घालवू नका. कॉन्फिडन्स इंटर्व्हल बघा, ते जास्त बोलतं. कांगारू केअरच्या (बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून ठेवायच्या) २०२१ च्या ट्रायलमध्ये मृत्यूचं रिलेटिव्ह रिस्क (दुसऱ्या गटाच्या किती पट धोका) ०.७५ आहे आणि इंटर्व्हल ०.६४ ते ०.८९, म्हणजे खरा आकडा या पट्ट्यात कुठेतरी असावा आणि पट्टा अख्खा १ च्या खाली आहे, फायद्याच्याच बाजूला. पट्टा १ ओलांडून पलीकडे जात असेल तर "फायदा झाला" असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि "फायदा नाहीच" असंही नाही.

आपल्या वॉर्डाला लागू होतं का, इथेच सगळे घसरतात

आता स्टेरॉइडची पुढची गोष्ट. हे औषध चालतं हे सिद्ध झालंय म्हटल्यावर, २०१५ मध्ये छापलेल्या अ‍ॅक्ट नावाच्या ट्रायलमध्ये ६ देशांत, गावपातळीपर्यंत, मुदतीआधी डिलिव्हरी होईल असं वाटणाऱ्या बायकांना ते मिळावं अशी सोय केली. निकाल काय? सगळ्यात कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण बाळांचे मृत्यू उलट वाढले, आयांमध्ये इन्फेक्शन वाढलं. औषध स्टेरॉइडच! फरक होता तो आजूबाजूचा, दिवस किती भरलेत हे नक्की माहीत नाही, ज्यांना दिलं त्यातल्या बऱ्याच जणींची डिलिव्हरी लवकर झालीच नाही, आणि जन्मल्यावर लहान बाळाला सांभाळायची सोय सगळीकडे नाही. मग २०२० मध्ये अ‍ॅक्शन ट्रायल छापून आली, ५ देशांतली २९ हॉस्पिटलं, पण इथे सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले आणि बाळांची काळजी घ्यायची किमान सोय असलेली. बाळांचे मृत्यू १९.६ टक्के, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या) गटात २३.५. घटले की.

म्हणून कोणताही पेपर वाचून झाला की स्वतःला विचारायचं, त्यांच्याकडे असं काय होतं जे आपल्याकडे नाही? पेपरमध्ये हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं, मेथड्समध्ये कुठेतरी एका ओळीत असतं.

कांगारू केअरचंच घ्या. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या ५ हॉस्पिटलांत, जन्माच्या वेळी १ ते १.८ किलोच्या आत वजनाची ३,२११ बाळं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर कांगारू केअर चालू केली त्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं गेली, आधी स्थिर होऊ द्या मग चालू करा या जुन्या पद्धतीत १५.७ टक्के. म्हणजे २७ बाळांमागे एक जास्तीचं वाचलं, फायदा इतका स्पष्ट दिसला की ट्रायल मुदतीआधी थांबवली. हे वाचून आपण खूश होऊन म्हणतो, आमच्याकडे कांगारू चालूच आहे. किती तास? ट्रायलमध्ये त्या गटातली बाळं दिवसाला जवळजवळ १७ तास छातीशी होती, आणि दुसऱ्या गटाला आयसीयूत असताना मिळालं ते साधारण दीड तास. म्हणजे आपण सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास देऊन रजिस्टरमध्ये टिक करत असू तर आपण खरं तर त्या ट्रायलमधल्या दुसऱ्या गटात बसतो. आणि १७ तास कसे जमले, तर आईचा पलंगच बाळाच्या युनिटमध्ये होता. ती एक ओळ वगळली तर बाकीचा पेपर नुसता पोस्टरवर लावायच्या कामाचा.

मला वाटतं औषधाला जसा डोस असतो तसा नर्सिंगच्या कामालाही असतो, आणि आपण तो सर्रास अर्धा देतो.

कोणाच्या हातात काय

हे वेगळं काढून ठेवलं की निम्मी भांडणं टळतात. कॅन्युलाची जागा बघणं, कळा देताना बाईला हवी ती पोझिशन घेऊ देणं, सोबतीला तिचं माणूस राहू देणं, कांगारूचे तास वाढवणं, शेव्हिंग थांबवणं, यातलं बरंच काही नर्स आणि मिडवाइफच्या पातळीवर ठरू शकतं, फार तर इनचार्जची परवानगी. औषध, मात्रा, गर्भपिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडल्यावर अ‍ॅक्टिव्ह लेबर म्हणायचं, हे प्रोटोकॉलमध्ये बदलून घ्यावं लागतं, पेपर वाचून आपल्या मनाने सुरू करायचं नसतं. आणि ड्रेप, पलंग, माणसं हे वरचं काम.

अ‍ॅक्टिव्ह लेबरचं उदाहरण मुद्दाम घेतलं. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये अ‍ॅक्टिव्ह फेज ५ सेंटीमीटरपासून धरायला सांगितली आणि तासाला १ सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा नियम सगळ्यांना लावू नका असंही सांगितलं, २०२० मध्ये त्यावरून लेबर केअर गाइड आलं. पण तुमच्या लेबर रूममध्ये अजून ४ सेंटीमीटरवाला जुना पार्टोग्राफ (डिलिव्हरीची प्रगती नोंदवायचा तक्ता) असेल आणि तुम्ही एकटीने ५ धरून लिहायला लागलात तर पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला आणि डॉक्टरला काहीच कळणार नाही आणि त्या गोंधळात पेशंट भरडली जाईल. सगळ्यांनी एकत्र बदलायचं नाहीतर थांबायचं.

वरिष्ठांशी बोलताना "डब्ल्यूएचओ म्हणतं" हे वाक्य मी आता पहिलं वापरत नाही. समोरचा लगेच म्हणतो, ते ठीक आहे पण इथलं वेगळं असतं. त्याऐवजी आधी इथलंच मोजून न्या. परवानगी घेऊन मागच्या महिन्याच्या ३० फाइल काढा, नावं न लिहिता एकाच गोष्टीची बेरीज करा, जसं की पहिलटकरणींपैकी किती जणींना कट (बाळ बाहेर येताना योनीच्या तोंडाशी छेद) दिला आणि त्यातल्या कितींच्या फाइलमध्ये कारण लिहिलंय. मग तो आकडा समोर ठेवून म्हणा, सर, ३० पैकी इतक्या जणींना कट आहे आणि इतक्याच ठिकाणी कारण सापडतंय, कोक्रेनच्या २०१७ च्या रिव्ह्यूत सरसकट कट देण्यापेक्षा गरजेपुरता दिला तर मोठी इजा ३० टक्क्यांच्या आसपास कमी दिसते, आपण महिनाभर फक्त कारण लिहायची सवय लावून बघूया का? बघा, यात कोणावर आरोप नाही, मागणीही छोटी आहे. कारण लिहावं लागलं की हात आपोआप थोडा थांबतो.

पेशंटचं काय? तिला तर आपण विचारतच नाही. रिसर्च सरासरी सांगतो, समोरची बाई सरासरी नसते. "असं केलं की शंभरातल्या इतक्या जणींना हा त्रास होतो, तसं केलं की इतक्या जणींना, ताई, तुम्हाला काय बरं वाटतं?" एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. टक्के सांगू नका, शंभरात किती ते सांगा. आणि हे कळा जोरात चालू असताना विचारायचं नाही, आधी तपासणीला येते तेव्हाच.

सुरू करताना लहान, आणि माझी फजिती

आम्ही कॅन्युलाचं सुरू केलं तेव्हा काय उत्साह होता. चार्ट छापला, प्रत्येक शिफ्टला जागा बघून स्कोअर लिहायचा, पारदर्शक ड्रेसिंग मागवलं, सगळ्यांना एकदम सगळ्या वॉर्डात. पहिले पंधरा दिवस मस्त. दीड महिन्याने चार्ट काढून बघितले तर एका पेशंटचे तिन्ही शिफ्टचे रकाने एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, सगळीकडे शून्य. आणि त्याच पेशंटचा हात लाल. म्हणजे ठरल्या दिवशी बदलायची जुनी सवय गेली आणि बघायची नवीन सवय लागलीच नाही, आम्ही पेशंटला आधीपेक्षा वाईट जागी आणून ठेवलं होतं. स्टाफला दोष देणं सोपं होतं, मी दिलाही तेव्हा. खरं कारण हे की जो चार्ट भरायला वेगळं जावं लागतं, तो शिफ्ट संपताना एकदम भरला जातो.

दुसऱ्यांदा आम्ही एकाच रूमच्या ६ खाटा घेतल्या आणि चार्ट काढूनच टाकला. ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती) घेताना दोघी सिस्टर खाटेशी उभ्या राहून कॅन्युलाची जागा एकत्र बघणार, जाणारी सांगणार आणि येणारी हात लावून बघणार, वेगळं काही लिहायचं नाही, फक्त लाल किंवा दुखत असेल तरच नोट. आठवड्याने काय अडलं ते विचारलं, पांघरूण काढायला लागतं म्हणून रात्री टाळलं जात होतं, मग रात्रीचं ओव्हर लाइट बंद करायच्या आधी घ्यायचं ठरलं. असं थोडं करायचं, बघायचं, सुधारायचं, मग पुढची रूम. याला पीडीएसए म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

एकेक सुटी गोष्ट बदलायची की चार गोष्टी एकत्र बांधायच्या, यावर २०२३ ची ई-मोटिव्ह ट्रायल बघण्यासारखी आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० हॉस्पिटलं, २ लाख १० हजारांवर बायका. औषधं सगळी जुनीच, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, पिशवीला मसाज, आणि तपासून वर कळवणं. नवीन दोनच, रक्त आकडे छापलेल्या ड्रेपमध्ये मोजायचं, आणि एक झाल्यावर दुसरं असं वाट न बघता सगळं एकत्र सुरू करायचं. आधीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्यांपैकी ५१ टक्के पकडल्या जात होत्या, इथे ९३ टक्के. एक लिटरवर रक्तस्राव, पोट उघडायची वेळ किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यातलं काहीतरी होणाऱ्या ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर. यातला बहुतेक फरक मोठ्या रक्तस्रावातला आहे, मृत्यू थोडे होते त्यामुळे त्यांच्याबद्दल वेगळं ठामपणे म्हणता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याच वर्षाच्या शेवटी डब्ल्यूएचओने रक्त मोजायची आणि उपचार एकत्र द्यायची शिफारस काढली. आपल्या डोळ्यांच्या अंदाजावर आपला फार विश्वास असतो, आणि निम्म्या बायका सुटतात!

टिकतं का ते बघायला परत मोजा

उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत झालेली बेटरबर्थ ट्रायल, २०१७. डिलिव्हरीची चेकलिस्ट वापरायला आठ महिने कोचिंग दिलं, तपासायच्या कामांपैकी दोन महिन्यांवर ७३ टक्के होत होती, कोचिंग नसलेल्या केंद्रांत ४२. बारा महिन्यांवर बघितलं, कोचिंग संपलेलं, तर ६२ वर आलेलं. आणि बाळ-आईंच्या मृत्यूत आणि मोठ्या आजारपणात फरकच नाही, १५.१ आणि १५.३ टक्के. म्हणजे काम वाढलं तरी निकाल हलेलच असं नाही. म्हणून दोन गोष्टी मोजायच्या, काम होतंय का आणि पेशंटला त्याचा फायदा दिसतोय का, आणि तिसरी लोक विसरतात ती, कुठे नुकसान तर वाढत नाहीये ना. कॅन्युलाच्या बाबतीत: ओव्हरला किती जागा बघितल्या, किती फ्लेबायटिस, आणि किती लाइन उशिरा काढल्या गेल्या. बास तीन आकडे, एका कागदावर.

प्रोटोकॉलचा कागद भिंतीवर लावाल तेव्हा खाली तारीख टाका, आणि पुन्हा कधी बघायचा तीही तारीख. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड क्लोरहेक्सिडीनने पुसायचं हे कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं पाठ केलेलं होतं, मग त्याने न्यूमोनिया नक्की कमी होतो का यावरच शंका आली, मृत्यू वाढत असतील की काय अशीही चिंता दिसली, आणि २०२२ च्या अमेरिकेतल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या शिफारशींत ते सर्वसाधारणपणे नको या यादीत गेलं, साधं ब्रशने दात घासणं मात्र हवंच या यादीत आलं. ज्या आयसीयूत कागदावर तारीखच नव्हती तिथे आजही बाटली खाटेशी असेल.

मोजताना अजून एक करा, नाईटच्या फाइल वेगळ्या मोजा. सकाळी इनचार्ज असते, राउंड असतो, सगळं छान दिसतं. आमच्या ६ खाटांवर सगळे मिळून आकडा चांगला वाटत होता, शिफ्टप्रमाणे वेगळा केला तेव्हा कळलं की शनिवार-रविवारच्या नाईटला जवळजवळ काहीच बघितलं जात नाही, कारण त्या दोन रात्री दोघींच्या जागी एकच सिस्टर असते आणि ओव्हर खाटेशी नाही, काउंटरवर उभं राहून होतं.